आठ ते बारा

माझ्या बायकोकडे आता तीस-चाळीस शब्द उरले आहेत. "पाणी" आहे, "नको" आहे, "अहो" आहे, मुलाचं नाव आहे आणि परवापरवापर्यंत तिच्या माहेरच्या बोलीतला एक अख्खा प्रश्न होता. वय चोपन्न. चालते-फिरते, माणसं ओळखते, मेथी निवडते, मालिकेतल्या सासूचा डाव माझ्याआधी तिला कळतो. फक्त शब्द जात आहेत.

आणि मला अजून फोन येतात. आठवड्याला एखादा तरी तरुण असतो. नवा धंदा टाकलेला असतो, झोप उडालेली असते, आवाजात घाई असते. "सर, तुम्ही ते चार तासांचं सांगितलं होतं ना, डीप वर्कचं, ते एक्झॅक्टली कसं करायचं?" कोथरूडला एका सभागृहात मी नव्या उद्योजकांसमोर बोललो होतो. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि ते अजून फिरतंय. उद्योजकाला दिवसाला किती तास एकाग्र काम लागतं, या विषयात मी कोणी जाणकार आहे असा लोकांचा त्यामुळे समज झाला आहे. मी त्या मुलांना काहीबाही सांगून वाटेला लावतो. खरं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी फिक्स्चर बनवतो. गाडीचा एखादा सुटा भाग कारखान्यात तयार झाला की तो बरोबर मापाचा आहे का हे ज्या चौकटीत बसवून बघतात, ती चौकट. बसला तर पास, नाही बसला तर भंगारात. बिबवेवाडीत आमचा एक गाळा आहे. खाली यंत्रं आणि पाच माणसं, वर पोटमाळ्यावर ऑफिस. ऑफिसला मध्ये प्लायवूडची भिंत. भिंतीच्या आत मी आणि माझा कॉम्प्युटर, बाहेर बायको, दोन फोन, कपाट, पाण्याचा माठ आणि उरलेलं सगळं जग.

सुरुवातीला ती भिंत नव्हती. नोकरी सोडून धंदा टाकला तेव्हा मीही इतरांसारखाच फुशारकी मारायचो की बारा-बारा तास राबतो. एका गिऱ्हाइकाचं फिक्स्चर चुकलं तेव्हा माझे डोळे उघडले. दोन भोकांमधलं अंतर मी चुकीचं दिलं होतं आणि माझ्या चौकटीनं त्यांचे चांगले भाग आठ दिवस नापास केले. चांगले भाग, आणि आठ दिवस. त्यांचा क्वालिटीचा साहेब मला एवढंच म्हणाला, "आपण ड्रॉइंग करताना आणखी काय काय करत असता?" पुण्याचा माणूस. आवाज चढवला नाही. मी घरी येऊन दोन दिवस नीट जेवलो नाही.

त्याच आठवड्यात मी शाळेतल्या खेळाच्या सरांकडे असतं तसलं स्टॉपवॉच आणलं. कामाला बसलो की चालू करायचं, मन जरा हललं की बंद. फोन आला, बंद. खालून हाक आली, बंद. जेवायला काय असेल असा विचार आला, तरी बंद. प्रामाणिकपणे मोजलं. अकरा तास मी गाळ्यात होतो आणि संध्याकाळी घड्याळात एक तास वीस मिनिटं जमली होती. एवढ्यात मी चौकटी आखत होतो. बाकी वेळ मी नुसता तिथे होतो.

मग मी आठ ते बारा ही वेळ ठरवली. त्या वेळात मी ड्रॉइंग करणार, दुसरं काही नाही, असं सगळ्यांना बजावलं. पहिल्याच दिवशी साडेनऊला बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय करून राहिले?"

ती अमरावतीची. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा तिच्या बोलण्याला खंड म्हणून नसायचा. रिक्षात बसली तर उतरेपर्यंत रिक्षावाल्याच्या मुलीचं शिक्षण, सासऱ्याचं दुखणं, सगळं तिला ठाऊक झालेलं असायचं. "करून राहिले", "येऊन राहिली" हे तिचं बोलणं आमच्याकडच्या बायकांनी हसून हसून दोन वर्षांत सरळ केलं. पण माझ्याशी बोलताना ते परत यायचं, लाडात किंवा कंटाळ्यात. कामात असलेल्या माणसाजवळ जाऊन "काय करून राहिले" विचारणं ही तिच्या घरची रीत होती. त्याला उत्तर अपेक्षित नसतं. माणूस दिसला, त्याची विचारपूस केली, इतकंच.

मी ओरडलो. खालची माणसं यंत्रं थांबवून वर बघायला लागली एवढ्या जोरात ओरडलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. मला ते शब्दन् शब्द आठवतंय.

दुसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावून प्लायवूडची भिंत घालून घेतली. दाराला बाहेरून एक पत्र्याचा डबा ठोकला, वर फट ठेवून, आणि माझ्या जुन्या ड्रॉइंगचे पाठकोरे कागद कापून त्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा केला. म्हणाली, "तुम्ही आत बसा. बारापर्यंत जे येईल ते मी बघते, आणि जे तुम्हालाच बघायचं आहे ते यात टाकते. बाराला उघडा." कल्पना तिची होती. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. बचाव पुढे टिकतच नाही.

पद्धत अशी होती. ती चिठ्ठी लिहायची, त्यावर ऑफिसचा तारखेचा शिक्का मारायची आणि डब्यात टाकायची. बाराला मी डबा उघडून एकेक चिठ्ठी वाचायचो आणि लाल पेनानं तिच्यावर "आज", "उद्या" किंवा "नंतर" असं लिहायचो. काम झालं की चिठ्ठी तारेत ओवायची. भिंतीवर तारा लटकलेल्या असायच्या, वर्षाला एक. वर्ष संपलं की तार उतरवून कपाटावर. मी काही टाकत नाही.

पहिल्या वर्षीच्या चिठ्ठ्या म्हणजे पत्रंच होती. "हडपसरचे साहेब तापलेत. पिन अडकते म्हणतात. मी म्हटलं साहेब जेवायला गेलेत. ते म्हणाले सकाळी साडेनऊला? मी म्हटलं आमच्याकडे लवकर जेवतात. आता बाराला तुम्ही जेवलेल्या आवाजात बोला." मी हसलो असेन बहुतेक. पण मी तिला सांगितलं की हे एवढं लांबण लावू नकोस. कोण, काय, कधीपर्यंत. तीनच गोष्टी. बाकीचं वाचण्यात माझी पाच मिनिटं जातात. लांब चिठ्ठी आली की मी लाल पेनानं जादा शब्द खोडून तिला परत दाखवायचो, शाळामास्तरासारखा. ती म्हणायची, "शिकून राहिली, शिकून राहिली." आणि शिकली. "हडपसर. पिन अडकते. आजच." उत्तम चिठ्ठी. यात काढण्यासारखं काही नाही.

माझे तास वाढले. दोन, अडीच, तीन. चार तासांपर्यंत यायला दोन वर्षं लागली. त्यापुढे मी जाऊन बघितलं. साडेपाच तास बसलो की शेवटच्या तासातली मापं दुसऱ्या दिवशी खोडावी लागायची. तेव्हा चार. रोजचा आकडा मी डायरीत लिहायचो, पुढे "बरं" किंवा "उत्तम" असा शेरा. फिक्स्चर चुकायची बंद झाली. ज्या साहेबानं मला विचारलं होतं की आपण आणखी काय काय करत असता, त्यानंच आपल्या ओळखीत माझं नाव सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला माझा फार अभिमान वाटायला लागला.

एकदा मी डायरी लिहीत असताना तिनं विचारलं, "आणि माझे किती झाले?" मी म्हणालो, तुझं काम वेगळं, त्याला एकाग्रता लागत नाही. ती म्हणाली, "हो, ते पण खरंच." आणि फोन वाजला म्हणून गेली.

बारानंतर मी गिऱ्हाइकांकडे जायचो. एक दिवस हडपसर, एक दिवस चाकण. संध्याकाळी घरी आलो की माझं डोकं रिकामं झालेलं असायचं आणि मला शांतता लागायची. ती मिळायला लागली होती. बायको कमी बोलायची. आधी जेवताना दिवसभराचं पुराण असायचं, ते हळूहळू आटलं. मुलगा बंगळुरूला नोकरीला लागला होता. तो एकदा फोनवर म्हणाला, "बाबा, आई हल्ली नुसतं हं हं करते." मी म्हणालो, वाढलंय काम. आणि तिच्याकडे वळून गमतीनं म्हणालो, "तीस वर्षांनी का होईना, झालीस एकदाची पुणेकर. मोजून बोलायला लागलीस." ती हसली. हसण्याआधी जरा थांबली होती, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं होतं की आता मी ते घुसडतोय, सांगता येत नाही.

मग चिठ्ठ्यांवर चित्रं यायला लागली. "पिन" असं लिहिण्याऐवजी छोटी पिन काढलेली. टेम्पो आला असेल तर टेम्पो. चाकणच्या एका साहेबांच्या मिशा भरघोस होत्या. त्यांचा फोन आला की नुसत्या मिशा आणि पुढे घड्याळाचा काटा. मला ते अतोनात आवडलं. मी तिला शाबासकी दिली. म्हटलं, हे तर आणखी कमी वेळात वाचून होतं. ती मिशांची चिठ्ठी मी तारेत न ओवता माझ्यासमोरच्या बोर्डावर टाचणीनं लावली.

कोथरूडच्या सभागृहात मी तीच चिठ्ठी दाखवली. पडद्यावर भली मोठी. तीस-पस्तीस मुलंमुली होती, सगळी लॅपटॉप उघडून बसलेली. एकजण म्हणाला की तो रोज चौदा तास काम करतो. मी म्हणालो, "चौदा तास ऑफिसात असतोस. काम किती करतोस?" हशा पिकला. मला असले हशे पिकवायला आवडतात. मग मी स्टॉपवॉचचं सांगितलं, चार तासांचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. म्हणालो, "माझ्या मिसेस विदर्भातल्या. बोलायला लागल्या की रेल्वे थांबेल पण त्या थांबायच्या नाहीत. या पद्धतीनं त्यांना इतकं नेमकं केलंय की आता त्यांना शब्दही लागत नाहीत. हे बघा." आणि पडद्यावर मिशा आल्या. टाळ्या वाजल्या. ती पहिल्या रांगेत बसली होती, निळ्या साडीत. लोकांनी वळून तिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं तिला विचारलं, "मॅम, तुम्हाला कसं जमलं हे?" बायकोनं तोंड उघडलं. काही क्षण गेले. मग तिनं माझ्याकडे बोट केलं. पुन्हा टाळ्या.

ती चित्रफीत मी त्यानंतर एकदाच पाहिली आहे. तिचा चेहरा त्यात दोन-तीन सेकंद दिसतो. शब्द शोधणारा चेहरा कसा दिसतो हे मला आता रोजच्या सरावानं माहीत आहे, म्हणून ओळखू आला. ती लाजत नव्हती. तिला उत्तर द्यायचं होतं.

उघडकीला आलं ते भलत्याच माणसामुळे. आमच्याकडे एक जुने फिटर आहेत, पहिल्या दिवसापासूनचे, फुरसुंगीकडचे. एका दुपारी मी जिन्यात होतो, तर ते अंगठ्यानं दुसऱ्या हाताची बोटं मोजत उभे होते. मला म्हणाले, "साहेब, एक बोलायचं हाय. राग मानू नका. वहिनींनी मला नावानं हाक मारून वरीस झालं. आधी लांबून हाक यायची. आता खाली येत्यात, हात धरत्यात अन् जे पायजे ते दाखवत्यात. काल पान्याला 'ते, ते' करून रडाय लागल्या."

मी म्हणालो, "मग मला का नाही सांगितलंत?"

"आलो हुतो की दोनदा. सकाळचं आलो. तुमचं दार बंद. वहिनीच म्हनल्या, नको."

डॉक्टरांनी तिला चित्रं दाखवली. कात्री, कंगवा, शिडी, छत्री. कंगवा तिला सांगता आला. छत्रीला ती "पाऊस... पाऊस... ते" म्हणाली आणि हात डोक्यावर धरला. शिडीला नुसती पायऱ्या चढायची खूण. डॉक्टर बाई शांत होत्या, घाई नव्हती. एक चित्र झालं की दुसरं, मध्ये हवा तेवढा वेळ. एका माणसासाठी कोणी एवढा वेळ थांबून राहिलेलं मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. मशीनमधले फोटो झाले, तपासण्या झाल्या. मेंदूतली भाषेची जागा हळूहळू झिजते आहे, म्हणाल्या. समज बरीच राहील, निदान काही वर्षं. शब्द जातील. औषध नाही.

मग त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

मी म्हणालो, "सहा-एक महिने." बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला. नाही. तिनं हवेत तारेत कागद ओवतात तशी खूण केली. डॉक्टरांना ती कळणं शक्य नव्हतं. मला कळली.

त्या दिवशी दुपारी गाळ्यात जाऊन मी भिंतीवरची चालू तार आणि कपाटावरच्या जुन्या तारा उतरवल्या. धूळ झटकून जमिनीवर मांडून बसलो. वरची चिठ्ठी सगळ्यात नवी, म्हणून वाचन उलटं चाललं, आजकडून मागे. आधी नुसती चित्रं. मग चित्र आणि एखादा शब्द. मग "त्या माणसाचा फोन. ते अडकतं." मग "मोठे साहेब. खालचं ते." मग अर्धे खोडलेले शब्द, म्हणजे लिहिता लिहिता तिला कळत होतं की हा तो शब्द नव्हे. एकाच दिवसाच्या सात चिठ्ठ्या होत्या, सातही एकाच फोनबद्दल, प्रत्येकीत दुसराच शब्द वापरून बघितलेला. मी तेव्हा त्यातल्या सहांवर लाल पेनानं "परत तेच" असं लिहिलं होतं. प्रत्येक चिठ्ठीवर तिचा तारखेचा शिक्का होता. शिक्का कुठेच वाकडा नव्हता.

चार तारा मागे गेलो तेव्हा ती सापडली. इतरांपेक्षा लांब होती, म्हणून डोळ्यांत भरली. अक्षर चांगलं होतं.

"अहो, मला गेले काही दिवस शब्द सापडत नाहीयेत. म्हणजे माहीत असतात पण येत नाहीत. काल माठाला काय म्हणतात ते आठवेना, भांडं म्हणून वेळ मारून नेली. भीती वाटून राहिली. हसू नका. दुपारी बोलू का?"

खाली लाल अक्षरात माझं "नंतर".

मला तो दिवस आठवत नाही. कितीही ताणलं तरी आठवत नाही. ती चिठ्ठी मी वाचली की नाही, की लांब दिसली म्हणून नुसता शेरा मारला, ते सांगता येत नाही. दुपारी ती बोलायला आली होती का, मी कुठे गेलो होतो, काही नाही. म्हणून मी डायरी काढून ती तारीख बघितली. "३ तास ५५ मिनिटं. उत्तम."

डॉक्टरांना मी पुढच्या भेटीत विचारलं की तेव्हाच आलो असतो तर? त्या म्हणाल्या, आजार थांबला नसता. मला धीर द्यायला म्हणाल्या असतील. पण मला आजार थांबवण्याचं विचारायचं नव्हतंच. तेव्हा तिच्याकडे हजारो शब्द होते. ते एकदम नाही, चार वर्षं एकेक करून गेले, रोज सकाळी माझ्यापासून प्लायवूडच्या एका फळीच्या अंतरावर. त्या चार वर्षांत बोलून घेता आलं असतं. अमरावतीच्या घरातलं, तिच्या आईचं, मुलाच्या वेळच्या बाळंतपणाचं, माझ्याबद्दल तिच्या मनात काय होतं त्याचं. मी ते ऐकलं नाही आणि वर तिला शब्द छाटायला शिकवलं. तिच्याकडे कमी होत होते, आणि मी लाल पेन घेऊन आणखी कमी करत होतो.

तिच्या खुर्चीवर मी पुढे तीन आठवडे बसलो, दुसरी व्यवस्था होईपर्यंत. सवयीनं स्टॉपवॉच लावलं. सकाळी आठ ते बारा या वेळात सलग जास्तीत जास्त मिळाली सहा मिनिटं. फोन, टेम्पो, खालून हाक, वीज मंडळाचा माणूस, पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी मी फोनवर कोणावर तरी खेकसलो. ती तिथे सतरा वर्षं बसली होती आणि मी म्हणालो होतो की तिच्या कामाला एकाग्रता लागत नाही. चार तास कुठून येतात हे कोथरूडच्या मुलांना सांगायचं राहून गेलं होतं. ते मी काढलेले नव्हते. तिच्यातून काढून मला दिलेले होते.

आता खालचं सगळं ते जुने फिटर बघतात आणि ड्रॉइंग मी घरून करतो. बिबवेवाडीतलाच फ्लॅट आहे, दुसरा मजला, खाली भाजीवाले आणि दुचाक्यांचा गलका. मुलगा बंगळुरूची नोकरी सोडून येतो म्हणाला, मी नको म्हटलं. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला तेव्हा पहिल्याच सकाळी ती आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय करून राहिले?"

पुण्याची भाषा गेली आणि ही राहिली. मी तिला सगळं दाखवलं. ही चौकट, ही पिन, इथे भाग बसतो. तिनं मान डोलावली आणि गेली. पाच मिनिटांनी आली. "काय करून राहिले?" पुन्हा सांगितलं. सकाळभरात चाळीस-पन्नास वेळा व्हायचं. वाचणाऱ्याला वाटेल की पश्चात्तापानं मी सुधारलो असेन. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. महिन्याभरात माझं डोकं पुन्हा तसंच तापायला लागलं. एका सकाळी गिऱ्हाईक पाठीशी लागलं होतं, म्हणून मी कॉम्प्युटर उचलून आतल्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं.

बाहेर तिची पावलं आली. थांबली. दारावर तिचा हात फिरताना ऐकू येत होता, वरून खाली, वरून खाली. ती डबा शोधत होती. घरच्या दाराला डबा कुठला असणार. थोड्या वेळानं दाराखालच्या फटीतून एक कागद आत आला. मी उचलून बघितला. दोन्ही बाजूंनी कोरा होता.

त्यानंतर दार लावलेलं नाही. कॉम्प्युटर पुन्हा टेबलावर आणला. ती यायची, विचारायची, मी काम थांबवून उत्तर द्यायचो. चिडलो तर चिडलेलं गिळायचो, कधी गिळता यायचं नाही, मग तिची माफी मागायचो. तिला माफी कळायची. दिवसाला माझं वीस मिनिटंही काम होत नव्हतं आणि फिक्स्चर उशिरा जात होती. मला त्याचं फारसं वाटेनासं झालं होतं. तिचा तो प्रश्न शिल्लक होता ना.

गेल्या दोन महिन्यांत ती कमी यायला लागली. आधी पाच मिनिटांचे पंधरा झाले, मग अर्धा तास. मला वाटलं बरी आहे, रमली आहे कशात तरी. मी अजून असाच मूर्ख आहे. परवा एका अवघड चौकटीचं काम होतं. मान खाली घालून बसलो. मापं भराभर सुटत गेली, एकही खोडावं लागलं नाही. मान वर केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले होते. सकाळी आठला बसलो होतो. कोणी आलं नव्हतं.

मी उठून बाहेर गेलो. ती बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसली होती. मांडीवर मेथीची जुडी तशीच होती, दोरा न सोडलेली. रस्त्याकडे बघत होती. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "काय करून राहिली?"

तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, थांबले. मी वाट बघितली, डॉक्टर बाई बघतात तशी, घाई न करता. बऱ्याच वेळानं तिनं जुडी उचलून माझ्या हातात दिली.

आता मी सकाळी दर दहा मिनिटांनी काम टाकून उठतो, बाल्कनीपर्यंत जातो आणि तिला विचारतो. ती माझ्याकडे बघते, मग पुन्हा रस्त्याकडे.